दंडातला उंदीर

आमचे डॉक्टर मूळचे गोव्याकडचे. पाद्र्यांच्या शाळेत लॅटिन शिकलेले, आणि ते शिकलेलं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. ऐकणारा मी, त्यांचा कंपाउंडर. एकोणीसशे वीस सालानंतरची ती वर्षं. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात मी मिक्श्चरच्या बाटल्या भरायचो आणि डॉक्टर एकेका रोगाचं कूळ-गोत्र सांगायचे. रोगी खोकून बेजार झाला तरी शब्दाचं बारसं आधी. मला याचा भारी संताप यायचा.

एका उन्हाळ्यात एक पैलवान बायकोला घेऊन आला. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. कुस्तीपायी शहरात राहिलेला, पोटासाठी गिरणीत गठ्ठे उचलणारा. जत्रेतल्या कुस्तीत त्याचं उजवं कोपर मोडलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड सांधलं; पण कामट्या सुटल्यावर बघतो तर दंड वाळून काठी झालेला. भर वैशाखात तो हात घोंगडीखाली झाकून बसला होता.

डॉक्टरांनी हात वाकवून पाहिला. हाड बरं होतं. मग त्यांना राहवलं नाही. "स्नायूला इंग्रजीत मसल म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. मूस म्हणजे उंदीर आणि मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. दंड फुगवला की जुन्या रोमी लोकांना कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा वाटायचा. आपला मूषक त्याच गोतातला." मी कपाळाला हात लावला.

पैलवानानं मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "आमी त्याला बेडकुळी म्हन्तो. बेडूक असतोय त्यो. उन्हाळ्यात खाली गेलाय, पावसात येतोय की वर. आत्ता त्याला उकरायचा न्हाय."

मला हसू आलं; पण तो थट्टा करत नव्हता. खरोखरच हात गळ्यात बांधून तो पावसाची वाट पाहत होता. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "तोवर थांबलास तर कोपर असंच आखडून बसेल, आणि हा हात कायमचा गेला. बिळात ये-जा राहिली तर उंदीर टिकतो. हात रोज चालव."

"तुमच्या त्या उंदराची भाषा बोलनारी मानसं कुटं असत्यात, सायेब?"

"आता कुठंच नाहीत."

"मग मानसंच मेली, तर त्यांचा उंदीर कसा जगंल?"

डॉक्टर लॅटिनची बाजू घ्यायला पुढं सरसावले. तेवढ्यात बायको नवऱ्याकडे न बघता बोलली, "आमच्या वढ्यात ऐन उन्हाळ्यात झरा उकरला, की दुसऱ्या दिशी बेडूक हजर असतोय. पावसाची वाट कोन बघतंय? उकराय लागतंय."

डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. उकरायचं कुठं, तर तालमीत, असं त्यांनी सांगून टाकलं. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती रोज पहाटे खणून मऊ करावी लागते. पण ते काम नव्या पोरांचं. मानाच्या कुस्त्या मारलेल्या गड्यानं फावडं धरायचं म्हणजे आपलं नाक आपणच कापून घ्यायचं, आणि तेही वाळका हात चारचौघांना दाखवत. पैलवान हात घोंगडीखाली ओढून बाहेर गेला.

तालमीत बाईमाणूस पाऊल टाकत नाही. त्याची बायको त्याच संध्याकाळी दारासमोर रस्त्यातच उभी राहिली आणि वस्ताद बाहेर येईपर्यंत हलली नाही. त्याच्याशी काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. माझं बिऱ्हाड त्याच बोळात. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो, तर म्हातारा वस्ताद स्वतः फावडं घेऊन हौद्यात उतरलेला आणि त्याच्या शेजारी पैलवान. वस्तादच खणतोय म्हटल्यावर हसायची कुणाची छाती? त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं मला. पैलवान दातओठ खात खणायचा, आणि त्याच्या तोंडावरून ओघळायचा तो काही सगळाच घाम नसायचा.

दसऱ्याच्या सुमारास दोघं दवाखान्यात आली. दंड भरला होता, पण अर्धाच. कोपर पुरतं सरळ होत नव्हतं. गठ्ठे उचल, पण कुस्ती सोड, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्टच सांगितलं, आणि त्या दिवशी लॅटिनचं नावही काढलं नाही.

आता हा खचणार, असं मला वाटलं. पण पैलवानानं डोक्यावरचा पटका सोडला. हात मोडल्यापासून रोज सकाळी हा पटका बायकोच बांधून देत होती, हे मला तेव्हा कळलं. त्यानं एक टोक दातांत धरलं आणि उजवा हात कण्हत डोक्यामागं नेऊन एकेक वेढा घेतला. पटका वाकडा झाला, एका कानावर उतरला. तिचे हात तो सावरायला वर गेले होते. तिनं ते खाली घेतले आणि पदरात गुंडाळून ठेवले.