वेलांटीकाकांचा खुलासा

वेलांटीकाकांनी एका वर्तमानपत्रात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधता शोधता हे नाव चिकटलं आणि खरं नाव पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं. निवृत्तीनंतर वस्तीनं आपल्या ऑनलाइन पानाची जबाबदारी एकमतानं त्यांच्यावर सोपवली. दुसरं कुणी तयारच नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

काकांनी नियम केला : माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही छापायचं नाही. पानाला ते 'छापणं'च म्हणत. मांजरी हरवल्याची सूचना त्यांनी शुद्धलेखन सुधारून पाचव्या दिवशी सोडली. तोवर मांजरी घरी परतून व्यालीसुद्धा होती.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, म्हणून फोन काकूंकडे. तो सारखा टुणटुण करायला लागला, तेव्हा वैतागून काकूंनी दिसेल तिथे 'मंजूर' दाबलं आणि कणीक मळायला घेतली. त्या ढिगात एक निनावी मजकूर होता : कोपऱ्यावरची दाताची डॉक्टर वापरलेल्या सुया पुन्हा टोचते, माझ्या भावाला त्यानंच कावीळ झाली.

असा भाऊ कुठेच नव्हता. पण हे पान ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतं, तिच्या यंत्राला मजकूर आवडला असावा. न मागता त्यानं तो चार लाख लोकांपुढे नेऊन ठेवला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः काकांकडे आली. तिच्या दवाखान्यातल्या आठही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"काका, तुम्ही लोकांचे स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही. हे कसं सोडलंत?"

"मी सोडलं," काकू स्वयंपाकघरातून पुटपुटल्या.

"पान माझं आहे," काका म्हणाले. पट्टीखालचा डोळा पाणावला, पण तो ऑपरेशनमुळे, असं त्यांनी लगेच स्पष्ट केलं.

आपल्या पानावरून त्यांनी मजकूर काढला. तोवर त्याच्या नकला शंभर ठिकाणी पोचल्या होत्या. काकांनी कंपनीकडे तक्रार केली. चाळीस सेकंदांत उत्तर आलं : आम्ही काळजीपूर्वक तपासलं, मजकूर आमच्या नियमांत बसतो.

"चाळीस सेकंदांत काळजीपूर्वक?" काका ओरडले. "तेवढ्यात माझा चष्मासुद्धा सापडत नाही!"

काकांची भाची वकील होती. तिनं समजावलं, "लिहिणारा सापडणार नाही. कंपनीवर जबाबदारी येत नाही, कायदाच तसा आहे. दावा लावायचा म्हटलं तर तूच तेवढा हाताशी आहेस, मामा."

काका घाबरले. मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला संपादकाइतकं महत्त्व दिलं, याचं थोडं सुखही वाटलं.

नेमक्या त्याच सुमारास हा कायदा बदलण्यासाठी सरकारी समितीची जनसुनावणी होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. कंपनीचा माणूस नम्रपणे म्हणाला, "आम्ही फक्त कोरा कागद पुरवतो. त्यावर कुणी काय लिहावं, ते आमच्या हातात नाही."

काका उठले. "साहेब, कागद पडल्या जागी पडून राहतो. तुमचा कागद उठून लोकांच्या घरात शिरतो. पहिल्या पानावर काय जाणार हे जो ठरवायचा, त्याला आमच्याकडे संपादक म्हणत. चूक झाली तर कोर्टात तोच उभा राहायचा."

टाळ्या पडल्या. तो माणूस हसला. "पटलं. पण उद्या प्रत्येक शब्दासाठी आम्हाला कोर्टात ओढलंत, तर भीतीपोटी आम्ही सगळंच अडवून ठेवू. तुमच्या पानावर सध्या किती मजकूर अडकलाय, काका?"

"दोनशे चौदा," काका खाली बघत म्हणाले.

मागून वस्तीतली एक शिक्षिका म्हणाली, "त्यात माझे तीन आहेत!" सभागृह खो खो हसलं.

काकांनी तिला हात जोडले. मग म्हणाले, "बरं, सगळं आधी तपासू नका. पण तक्रार आली की जिवंत माणसानं वाचावी. आणि जे तुम्ही स्वतःहून पसरवता, त्याची जबाबदारी घ्या." समितीनं ते लिहून घेतलं. तिचा अहवाल अजून यायचा आहे.

घरी येऊन काकांनी दोनशे चौदा मजकूर वाचले आणि दोन सोडून सगळे मोकळे केले. मग खुलासा लिहिला : डॉक्टर जुन्या सुया वापरते हे धादांत खोटं आहे, चूक माझी आहे, मी दिलगीर आहे. खाली खरं नाव. तासाभरात कंपनीनं तो काढून टाकला. कारण दिलं : आरोग्याबाबत दिशाभूल करणारा मजकूर.

काकू इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसत त्यांनीच चपला घातल्या. खुलाशाच्या तीनशे प्रती छापून दोघं दारोदार फिरले. ज्या घरी काका बोलत, तिथे काकू मध्येच सांगत, "बटण मी दाबलं होतं हो."

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या पाच खुर्च्या भरल्या. त्यातल्या एकीवर काका होते. दात सगळे ठणठणीत होते, पण डॉक्टरनं दोन तरी काढावेत असा त्यांचा आग्रह होता.