शुक्रवारची पालकसभा

विजयमालाबाईंची रजिस्टरं केंद्रात नावाजलेली. खाडाखोड नाही, रकाना रिकामा नाही. दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावात त्या शिक्षिका म्हणून आल्या आणि तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. पालकसभेची वेळ आधीच्या मोहनराव गुरुजींनी ठरवलेली होती, शुक्रवारी दुपारी दीड. बाईंनी ती अकरा वर्षं तशीच चालवली.

यंदा मुख्याध्यापकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण बीडला झालं. कोणती मुलं मागे पडतात आणि त्यात आपला हात किती, हा विषय. सोबत आणलेली मुलांच्या गुणांची यादी आणि पालकसभेचं रजिस्टर शेजारी ठेवून बघा, असं तिथे सांगितलं गेलं.

"काय मॅडम, कुंडल्या जुळवायच्या काय?" चकलांब्याकडचे शिवशंकर सर म्हणाले. "माह्या शाळेत तर छत्तीस गुण जुळत्याल!"

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. मागे पडलेल्या मुलांत अर्ध्याहून जास्त मुलं मुसलमान मोहल्ल्यातली होती, आणि सह्यांच्या रकान्यात त्यांच्याच घरांसमोर अकरा वर्षं रेघा होत्या. शुक्रवारी दीड वाजता मोहल्ला कुठे असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या रेघांतली एक हीनाची. हीना वाचताना अडखळायची, पण हिशेबात वर्गाच्या पुढे. प्रश्न विचारला की आधी खिडकीबाहेर बघायची, मग उत्तर द्यायची. गेल्या वर्षी, सातवीत, दिवाळीनंतर ती आलीच नाही. बाईंनी दोनदा निरोप धाडला आणि मग नियमाप्रमाणे पटावरून नाव कमी केलं. तेव्हापासून हजेरी घेताना एका जागी त्यांचा आवाज अडतो. तिथे कुठलंच नाव नसतं.

प्रशिक्षणाहून आल्यावर पहिल्याच शुक्रवारी, सभा रद्द करून, दीड वाजता त्या फाट्यावर गेल्या. सीताफळांच्या गाड्यावर हीनाची आई, आमिनाबी, एकटीच होती.

"तुमी? आज मीटिंग न्हाई?"

"वेळ बदलतेय. मंगळवारी संध्याकाळी ठेवते."

"आता बदलताय व्हय." आमिनाबीने एक पिकलेलं फळ बाजूला ठेवलं. "जुम्म्याला बाप्ये नमाजला गेले की गाडा माह्याच गळ्यात. कशी येऊ? आन तुमी पोरीच्या निकालाच्या कारडावर लिवलं."

"काय लिहिलं?"

"पालकांची अनास्था. हीनानंच वाचून दाखवलं. एक एक अक्षर लावून. म्या म्हणलं, अनास्था म्हंजे काय गं? तिला बी सांगता येईना. मग किराणावाल्या बबनरावाला इचारलं." ती हसली. "त्यो म्हणला, आमिनाबी, तुला लेकराचं काय पडलं न्हाई म्हणत्यात. पोरीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिशी दप्तरच उचललं न्हाई."

ते अक्षर बाईंचंच होतं, सुबक आणि गोल.

"कुठे आहे ती?"

"लातूरला. मावशीकडं. शिवणकाम शिकती."

"बोलू दे मला. वयानुसार आठवीत घेता येतं तिला. मी घेते."

आमिनाबीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, फोन लावला आणि हातात दिला.

"अम्मी?"

"हीना, मी बाई बोलतेय. शाळेतली."

बाईंनी आठवीचं सांगितलं. कार्डावरचं ते वाक्य चुकीचं होतं, चूक माझी होती, हेही सांगितलं. नीट सांगता आलं नाही.

हीनाने विचारलं, "बाई, माह्या जागी कोण बसतं?"

कुणीच नाही, हे उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण या पोरीबद्दल एकदा खोटं लिहून झालं होतं.

"सुकन्या बसते."

"खिडकीजवळच?"

"खिडकीजवळच."

"बरं." मग म्हणाली, "मावशी बोलावती, बाई. ठेवू?"

बाईंना ठेव म्हणवेना. पलीकडे शिलाई मशीन सुरू झालं. फोन हीनाने बंद केला नव्हता. बाईंनीही केला नाही.