पर्वताला अर्धीच प्रदक्षिणा

खरं सांगते, तेव्हा देवावरचा माझा विश्वास पार आटला होता. निखिलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी गेलेली आणि आमचा ग्रीन कार्डचा अर्ज लोंबकळत पडलेला. परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल पडलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मग पोरीची शाळा, घर, सगळंच गुंडाळून भारतात परत! त्या धास्तीने मला घास जाईना, तेव्हा पोरीला मैत्रिणीकडे ठेवून निखिलने मला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून उत्तरेला कॅस्केडच्या डोंगरांत नेलं.

ही रांग अमेरिकेतून थेट कॅनडात जाते, झाडांना नि ढगांना सीमेचं काही सोयरसुतक नसतं. तिथलं एक शिखर अगदी महादेवाच्या पिंडीसारखं होतं. व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या सासूबाईंनी ते बघितलं आणि हातच जोडले. "आलाच आहात तर प्रदक्षिणा घाला गं!" झालं, नकाशा बघायचा सोडून आम्ही दीडशहाणे निघालो.

भर दुपारी धुकं उतरलं. पाखरं एकदम गप्प झाली. आमचीच पावलं मागून कुणी चालत असल्यासारखी ऐकू यायची, पण वळून बघायचा धीर होईना. "रिलॅक्स यार, फिरून पार्किंगलाच येऊ," निखिल म्हणाला. मी मनातल्या मनात महादेवाला हाका मारत होते.

शिखराकडून आलेला एक ओढा आडवा आला. ओलांडायला पाय उचलला, तर पलीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या! अंगात जुनाट रेनकोट. त्यांनी तळहात उभा धरला आणि आम्ही आलो त्या वाटेकडे बोट केलं. मी निखिलचा हात धरून त्याला मागे ओढलं.

"निखिल, थांब! पिंडीवरचं पाणी ओलांडत नाहीत, इथून उलटं फिरायचं!" लहानपणापासून शिवमंदिरात हेच करत आलो आणि इथे साफ विसरलो होतो.

"अगं, पण त्या बाईंना हे काय माहीत?" तो म्हणाला. आम्ही वर पाहिलं, तर पलीकडे कुणीच नव्हतं. धुकं जरा विरलं, तेव्हा ओढ्यामागचं जंगल भांग पाडावा तसं सरळ कापलेलं दिसलं. मधोमध सीमेचा खांब होता, म्हणजे ओढा ओलांडून थोडं पुढे गेलो असतो तर थेट कॅनडात! तिथेच बसून मी रडले.

त्या कोण होत्या, मी शोधलं नाही. अर्जाचं उत्तर अजून यायचंय. पूर्वी मी देवाला "पुढे ने" म्हणून भंडावायचे. आता म्हणते, बाबा रे, अडवायचं तिथे अडव. मी निमूट फिरेन.