थकव्याची सातवी जागा

बस आगाराच्या संगणक विभागात त्यांना सगळे पुन्हासाहेब म्हणत. 'पुन्हा सांगतो' हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते नुसतं म्हणून थांबत नसत, खरोखरच पुन्हा सांगत. एकदा सांगितलेलं माणूस विसरतो, दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं करतो, तिसऱ्यांदा कुठे ते डोक्यात शिरतं, हा त्यांचा सिद्धांत. तो सबंध विभागाला तोंडपाठ होता, म्हणजे तसा खराच असावा.

त्यांचं काम नाजूक होतं. कोणता चालक किती थकलाय हे डेटाबेसला विचारायचं आणि सगळ्यांत थकलेल्या दहा जणांना रविवारची सुट्टी द्यायची. त्यासाठी लिहिलेली त्यांची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चार पानी होती. थकव्याचं सूत्र सोपं होतं: गाडी चालवल्याचे तास, वजा विश्रांतीचे. पण ते सात ठिकाणी जसंच्या तसं लिहिलेलं होतं. एका ठिकाणी आकडा दाखवायला, दुसरीकडे ताज्यातवान्यांना गाळायला, असं करत सातव्या ठिकाणी क्रमांक लावायला. पहिल्याच ओळीत त्याला 'थकवा' असं नाव दिलेलं होतं. पण बारसं झालं त्याच प्रश्नात पुढे त्या नावाने हाक मारली, तर डेटाबेस बहुतेक जागी ओळखच दाखवत नाही. सूत्र आतल्या प्रश्नात एकदा मांडा, बाहेरच्या प्रश्नात नुसतं नाव घ्या, असं सहकाऱ्यांनी सुचवून पाहिलं. पुन्हासाहेबांना तो उपाय ठाऊक होता, फक्त पटत नव्हता. इतकी महत्त्वाची गोष्ट एकदाच बोलायची, हा त्यांना निष्काळजीपणा वाटे.

मग चालकांच्या संघटनेशी बोलणी होऊन रात्रपाळीचे तास दुप्पट धरायचं ठरलं. पुन्हासाहेबांनी सूत्र बदललं. सहा ठिकाणी.

यादी भिंतीवर लागली त्या दिवशी त्यांचा मेहुणा तडक घरी आला. तो त्याच आगारात रात्रपाळीचा चालक.

"दाजी, थकव्याच्या आकड्यात मी सगळ्यांच्या वर आणि नंबर अकरावा? वरचे दहा काय झोपेत गाडी चालवतात?"

सुट्टी मिळालेल्यांत एक दिवसपाळीवालाही होता. तो बारा महिने इतका टवटवीत दिसे, की आगाराने त्याचं नावच गुलाब ठेवलं होतं. आकडे नव्या हिशेबाने आणि क्रमांक जुन्या हिशेबाने लागले होते. सातवी जागा राहून गेली होती.

आगारप्रमुखांनी शांतपणे बजावलं, की पुढची यादी चुकली तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. बायकोने काहीच बजावलं नाही. भावाचे तांबारलेले डोळे पाहून तिने सरळ अबोला धरला. पुन्हासाहेबांची पंचाईत झाली. समोरून हुंकारही येईना, त्यामुळे सांगितलेलं पोचलं की नाही कळेना, आणि प्रत्येक गोष्ट पाच-पाचदा सांगावी लागू लागली.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. सूत्र आत एकदाच लिहिलं, बाहेरच्या सातही जागी नुसता 'थकवा' ठेवला. चार पानांचं एक पान झालं. वर्षानुवर्षं राखलेली मिशी उतरवल्यावर माणूस आरशात पाहतो, तसे ते पडद्याकडे पाहत राहिले. यादी मात्र बिनचूक आली. मेहुणा पहिला, गुलाब पार तळाला. काम त्यांच्याकडेच राहिलं.

रविवारी मेहुण्याने सुट्टी घेतली आणि ती घालवायला तो बहिणीकडे आला. पुन्हासाहेबांच्या आरामखुर्चीत पडून त्याने संध्याकाळपर्यंत असं काही घोरून दाखवलं, की त्याच्या थकव्याविषयी कोणाला शंका उरू नये. पुन्हासाहेब स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पेपर वाचत बसले. रात्रपाळ्या तशाच होत्या, त्यामुळे पुढच्या यादीतही मेहुणा पहिलाच आला, आणि रविवारी दारातही.

"हा आता दर रविवारी येणार का?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं. तिचा अबोला केव्हाच सुटला होता.

"येणार."

ती हे पुन्हा सांगेल म्हणून पुन्हासाहेब थोडा वेळ थांबले. मग पेपर उचलून स्टुलाकडे गेले.