दारूबंदीच्या मांडवात कोंबुचा

पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि फेस उसळून गोदाताईंच्या मनगटापर्यंत ओघळला. समोरच्या बाया हसल्या. तेवढ्यात मागून एक जण उठला, दुसऱ्या बाटलीचा वास घेतला आणि ओरडला, "ताई, ही तर दारू हाय!"

हसणं थांबलं.

कंधारजवळच्या या गावातलं दारूचं दुकान गोदाताईंनी बायांना सोबत घेऊन बंद पाडलं होतं. त्याचाच हा कार्यक्रम. सरबताऐवजी काही नवं द्यावं म्हणून त्यांनी आमच्याकडून कोंबुचा मागवला होता. नांदेडच्या एका छोट्या युनिटमध्ये मी प्रॉडक्शन बघते.

कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. साखरेचा कोरा चहा गार करायचा, त्यात आधीच्या बॅचमधला थोडा आंबट कोंबुचा आणि स्कोबी सोडायची. स्कोबी म्हणजे सायीसारखा जाड, चिवट थर. त्यात यीस्ट आणि बॅक्टेरिया एकत्र राहतात. यीस्ट साखर खातं, गॅस आणि अल्कोहोल करतं. बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. पण त्यांना हवा लागते. बाटली बंद झाली की ते थंडावतात, यीस्ट मात्र साखर खातच राहतं. अल्कोहोल वाढत जातं. गारव्यात यीस्टही मंदावतं, म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला होता आणि आमचे क्रेट तोवर शाळेच्या पत्र्याखाली पडून होते. ऐन मे महिन्यात. कार्यक्रमाच्या दिवशी पोचले तर बाटल्यांना हात लावला तरी चटका बसत होता. मी युनिटच्या मालकांना, म्हणजे सरांना फोन केला.

"सर, हा माल वाटू नये."

"अहो मॅडम, चहाच आहे तो. बर्फात घाला आणि वाटा."

मी बर्फात घातल्या.

आता गोदाताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. हिच्यात दारू हाय का न्हाई?"

"ताई, नैसर्गिक फर्मेंटेशनमध्ये..."

"हाय का न्हाई?"

मी लातूरची. घरची बोलीच तोंडातून आली. "हाय. थोडी."

पहिल्या रांगेतल्या कमलबाईंनी नवऱ्याच्या हातातली बाटली हिसकून घेतली. त्यानं नुकतीच दारू सोडली होती. तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, "म्या न्हाई पिलो. खरंच न्हाई पिलो." त्याचा चेहरा पाहवेना. मी खाली बघत राहिले.

गोदाताईंनी माइक घेतला. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. त्या म्हणाल्या, "म्या मागवली. न विचारता मागवली. चूक माझी हाय."

मग बायांनी क्रेट उचलले आणि शाळेमागच्या नालीत एकेक बाटली ओतली. मीही ओतू लागले. मला कुणी शिवी दिली नाही, बाजूलाही सारलं नाही. कमलबाईंनी तर फेसानं भिजलेले हात पुसायला पदर पुढे केला. मला तो घेववेना.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, लेबलवर अल्कोहोल लिहायचं, नाहीतर मी बॅच लावणार नाही. "लोक घेतील का?" ते म्हणाले. शेवटी लिहिलं. काही गिऱ्हाइकं गेली.

गोदाताईंनी मात्र परत काही मागवलं नाही. मीही फोन केला नाही. आता नवी ऑर्डर आली की चवीचं नंतर सांगते. आधी सांगते ते हे, की यात थोडी दारू असते आणि उन्हात ठेवली तर वाढते. गिऱ्हाइकानं विचारायची वाट बघायची नाही.