दुसऱ्या हाकेला ओ

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही सांगायला आलेल्या माणसाला मी आजवर चहा पाजून वाटेला लावलंय. महाडला शाळेत विज्ञान शिकवते, त्यात स्वभावाने जरा फटकळ. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घरात आता या विषयावर बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव वरंधच्या वर, डोंगरात. माझा धाकटा भाऊ महेश चालायला लागल्यापासून कड्याकपारीतच वाढला. पुढे एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर तो लोकांना डोंगर दाखवत हिंडू लागला. मग ग्रुपमधल्या काही जणांनी गयानाला जायचं काढलं. दक्षिण अमेरिकेतला देश, जवळजवळ सगळा जंगलाने भरलेला, फारसं कोणी तिकडे फिरकत नाही — म्हणूनच यांना जायचं होतं! गावात गयाना म्हटल्यावर लोकांना वेस्ट इंडिजचं क्रिकेट आठवलं. आईने फक्त विचारलं, इथलं रान याला कमी पडलं काय.

भातकापणी चालू होती आणि दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. सकाळीच ग्रुपच्या लीडरचा सॅटेलाइट फोनवरून कॉल आला. आदल्या दुपारी महेश ओढा बघून येतो म्हणून कॅम्पवरून निघाला, तो परतलाच नव्हता. तिथे तेव्हा रात्र होती. उजाडल्यावर होडी घेऊन शोधणार होते.

मी मोबाईलवर नकाशा उघडला. नुसता हिरवा... मोठा करत गेले तरी हिरवाच. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन झाले. सगळे आपुलकीने बोलले, पण करणार काय? वरंध घाटात कोणी हरवला असता तर अख्खं गाव दोर घेऊन दरीत उतरलं असतं. इथे कुठल्या दिशेला तोंड करून रडायचं तेही आम्हाला कळत नव्हतं.

उन्हं उतरल्यावर आईने विळा घेतला आणि शेताकडे निघाली. घरात बसवत नाही म्हणाली. शेतात रेंज नसते, म्हणून फोन शेजारच्या काकांकडे ठेवून मीही मागोमाग गेले. आमचं शेत रानाला लागूनच आहे. मध्ये खोल ओहोळ आणि पलीकडे दाट झाडी.

आई पेंढी बांधत होती. आणि पलीकडून हाक आली — "आये..."

महेशचा आवाज. सख्ख्या भावाचा आवाज मला ओळखू येणार नाही? मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर आईने माझा दंड घट्ट धरला.

"ओ देऊ नको गो. तिसरी येऊ दे."

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे रानातून आलेल्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देत नाहीत. चकवा दोनदाच हाक मारतो, माणूस तीनदा, असं मानतात. मी वर्गात याची टिंगल करते. पण त्या वेळी मीही गप्प राहिले.

दुसरी हाक आली. पहिलीपेक्षा दमलेली. आई ओठ आवळून उभी होती. आम्ही तिसरीची वाट बघत राहिलो... ती आलीच नाही. अंधारून आलं तशी आई बांधावर मटकन बसली.

"नव्हता गो तो," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आन असला तर?"

मी तिला हाताला धरून उठवलं. आम्ही घराच्या वाटेला लागलो तेवढ्यात काका धावत समोर आले. महेश सापडला होता, जिवंत!

तो घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. सकाळ झाली तेव्हा त्याचं अवसान पार गळालं होतं. मित्रांना हाका मारून घसा बसला होता. शेवटी तोंडातून आपोआप "आये" निघालं.

"तिसरी हाक मारायची वेळच नाय आली," तो आईला म्हणाला. "दुसरीलाच तू ओ दिलीस. त्या आवाजाच्या रोखाने चालत गेलो, तर समोर नदी आन आमची होडी."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओ दिली नव्हती. मीही नाही.

इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ, तेवढं जुळतं. त्याला भुकेने भास झाला असेल, आम्हाला काळजीने. पण आम्हा दोघींना एकदम, एकच भास? मी खूप डोकं चालवलं, काही हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना आई म्हणाली, "मी तर तोंड उघडला नाय. मंग माझ्या आवाजात त्याला कोन बोललं?" पोराला वाचवलं म्हणून हात जोडायचे की भ्यायचं, हे तिला अजून कळत नाही.

आम्ही महेशला खरं काय ते सांगितलं. तो हसला. आई उगाच लपवते म्हणाला.

आता तो सुरीनामला चाललाय. गयानाच्या शेजारचाच देश, तसंच जंगल, आणि या वेळी एकटा. मी भांडले, रडले, अबोला धरून पाहिला. परवा बॅग भरता भरता तो म्हणाला, "ताई, कशाला घाबरतेस? आये हाय ना ओ द्यायला."

आई दारातच उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत निघून गेली.

तेव्हा ओ देणारं कोण होतं, मला माहीत नाही. ते पुन्हा ओ देईल का, आणि दिली तर त्याला कुठे नेईल, तेही माहीत नाही. त्याचं विमान पुढच्या आठवड्यात आहे.