अक्काची हिरवी फरशी

कोपरगावला एका मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. ताट पुढ्यात आलं आणि कोल्हारहून बायकोचा फोन आला. "वन्सं उठत न्हाईत हो... तुमी लगेच निघा." मी पोचेपर्यंत अक्का गेली होती. रक्तदाब एकदम वाढला, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता दीड महिना झाला.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा ती नर्स झाली आणि माझ्या दप्तरापासून लग्नातल्या सुटापर्यंत सगळं तिनंच पाहिलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. मी साठी ओलांडली तरी तिच्यापुढं बोलायची माझी टाप नव्हती. पाठीमागं मात्र मी शूर होतो, आणि तेच आता खातंय.

तीन वर्षांपूर्वी नवं घर बांधलं. फरशीच्या दुकानात अक्कानं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. तीत चिमूटभर बाजरीचं पीठ आणि तांदळाचे चार दाणे. एकेका नमुन्यावर टाकून बघत तिनं स्वयंपाकघराला गडद विटकरी रंग ठरवला. दुकानदार हसला, "मावशी, लोक सांडलेलं दिसू नये म्हणून रंग निवडतात." अक्का म्हणाली, "मला दिसायला पायजे. दिसलं न्हाई तर उचलणार कसं?" हॉलला तिनं पांढरी चालवून घेतली. म्हणे, "तिथं काय सांडतंय? नुसत्या गप्पा." मग स्वतःच्या खोलीसाठी तिनं रक्तदाबाची गोळी पाकिटातून सोडवली आणि प्रत्येक फरशीवर टाकून वाकून पाहिली. पांढरी, पिवळसर, राखाडी... शेवटी गडद हिरव्यावर थांबली. "ही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वॉर्ड सुटला तरी नर्सची खोड जात नाही, एवढंच मला वाटलं. "हिरवीच घालू," मी शब्द दिला. दुकानदारानं नमुन्याची एक फरशी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन. "पप्पा, प्रत्येक खोलीला वेगळा रंग? घर आहे की गोधडी?" मलाही ते पटलं. सगळीकडे एकच पांढरी, चकचकीत फरशी सांगून टाकली. अक्काला म्हणालो, हिरवी संपली. ती म्हणाली, "संपली व्हय... मग ऱ्हाऊ दे." आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो ते त्या एका फरशीपायी. राहायला आलो त्या दिवशी ती तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहिली, पायानं फरशी चाचपली. "लई चकचकीत हाय बाबू." मी ते कौतुक समजलो.

परवा तिची खाट हलवली. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. खाली वाकलो तर भिंतीच्या कडेनं गोळ्या पडलेल्या, पांढऱ्यावर पांढऱ्या. जवळ जाईपर्यंत मलाही दिसल्या नव्हत्या. बायकोनं त्यातली एक उचलली. "सकाळी वन्सं गुडघ्यावर असायच्या, हात जमिनीला टेकून. मला वाटायचं, प्रार्थना करत्यात. मी दार लोटून घ्यायचे..." डोळे अधू होत चालल्याचं अक्का कुणाला बोलली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना गोळ्या देणारी बाई, स्वतःची सापडत नाही हे कुठल्या तोंडानं सांगणार? दुकानात मात्र तिनं मला दाखवलं होतं. त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर ती असती का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

दुकानदारानं दिलेला तो नमुना परसात सापडला, कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याखाली. घासून धुतला आणि माझ्या टेबलावर ठेवला. गेल्या वर्षीपासून मलाही तीच गोळी चालू आहे. रोज सकाळी आधी ती त्या हिरव्या फरशीवर ठेवतो आणि चष्मा काढून बघतो.

चष्म्याशिवायही दिसते.